पाच नंबरची खोली बंद नव्हती

जसूमावशी,

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. कामं बरीचशी उरकली आहेत. तुझी पातळं वाडीतल्या बायकांना वाटली, रेशनकार्डावरचं नाव कमी करायचा अर्ज दिला, स्टो आणि मोठा तांब्या तुझी भाची कमल घेऊन गेली. वहीत एकवीस कामं लिहिली होती, त्यांतल्या एकोणीस कामांवर रेघ मारली. उरलेल्या दोनांपैकी एक कोर्टाचं आहे. दुसरं हे, तुला लिहायचं. ते आधी करते, कारण सोमवारी कोर्टात जायचं आहे आणि तिथे गेल्यावर डोक्यात दुसरं काही राहत नाही, हे तुला सांगायला नको.

सगळं तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. क्रम लावल्याशिवाय मला काही सुचत नाही. तू हसायचीस त्यावर. लग्नाची भांडी आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा आमचा धंदा. टेम्पोत किती पातेली चढली, तलासरीला किती खुर्च्या गेल्या आणि परत किती आल्या हे लिहून लिहून हातच तसा वळलाय. "शैले, तू यमाला पण यादी देशील," म्हणायचीस. "आधी डोळे घे, मग कान घे, आणि इथं सही कर."

डहाणूला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपली आठ खोल्यांची चाळ. तू पाच नंबरात, आम्ही तीन नंबरात. मी दिलीपशी लग्न होऊन कासाहून आले तेव्हा तू आणि तुझी आई तिथे आधीपासून भाडेकरू होतात. पुढे आई गेली, पावत्या तुझ्या नावावर यायला लागल्या. लग्न तू केलं नाहीस. का, ते मी तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. सकाळी साडेसहाच्या एसटीने चिखल्याच्या वाडीत जायचीस, दिवसभर चिकू निवडायचीस, संध्याकाळी सहाला परत. हातपाय धुऊन थेट आमच्याकडे. भाजी तू चिरायचीस, भाकरी मी टाकायचे. माझ्या मुलीला अक्षरओळख तू त्याच वेळात करून दिलीस, भोपळ्याच्या बिया मांडून. ती लग्न होऊन वापीला गेली, तरी तुझी संध्याकाळ आमच्याकडेच राहिली.

तुझ्या खोलीत दिवा लावायचा प्रश्न नव्हता. "माणसं तीन आणि दिवे दोन कशाला?" हे तुझं म्हणणं. पंखा तुझ्याकडे नव्हताच, खिडकी समुद्राची. विजेच्या बिलावर वापर कधी दोन युनिट, कधी एक, कधी शून्य. शून्य आलं की तू खूश. पोरं प्रगतिपुस्तक दाखवायला आणतात तसं ते बिल माझ्यासमोर धरायचीस.

पुढे त्याच बिलांची थप्पी कोर्टात तुझ्या विरुद्ध हजर झाली.

जुने शेठ होते तोवर काही नव्हतं. ते गेले आणि त्यांच्या मुलाला, पारसला, चाळीच्या जागी इमारत बांधायची होती. बांधायला हरकत कुणाचीच नव्हती. पण नव्या इमारतीत आम्हाला जागा देतो असं तो कागदावर लिहून देईना. चार भाडेकरू मिळेल ते घेऊन गेले. उरलेल्या चौघांवर दावे लागले, प्रत्येकावर वेगळं कारण. आमच्या दाव्यात लिहिलं की मालकाला जागेची गरज आहे. तुझ्या दाव्यात लिहिलं की प्रतिवादी या जागेत राहतच नाही, खोली सहा महिन्यांहून जास्त काळ बंद आहे.

मी तो कागद तुला वाचून दाखवला तेव्हा तू आमच्या ओट्यावर लसूण सोलत होतीस.

"कोण राहत नाही?"

"तू."

"मग ही कोण बसलीये लसूण सोलत?"

त्यावर दिलीप हसला, मी हसले, तू सर्वांत जास्त. आपल्याला वाटलं, पहिल्याच तारखेला तू नुसती जाऊन उभी राहिलीस की मिटलं.

पहिल्या तारखेला तू बाकावर बसलीस आणि शिपाई म्हणाला, "बाई, उठा, तो वकिलांचा बाक." मग तू दाराशी उभी राहिलीस, तर म्हणाला, "दारात नको." बाहेर व्हरांड्यात गेलीस, तर आत तुझ्या नावाचा पुकारा झाला आणि तू पोचेपर्यंत त्याने दुसरं नाव घेतलं. पारस आला तेव्हा आपल्याच वकिलांच्या हाताखालच्या मुलीने त्याला खुर्ची सरकवली. तिचाही दोष नाही. चांगला शर्ट घातलेला माणूस दिसला की खुर्ची सरकवायची, हे हाताला माहीत असतं.

"त्याला खुर्ची का?" तू मला विचारलंस, हळू बोलायचं म्हणून आणखीच मोठ्याने.

"गप गो, मावशी."

"तुझ्याकडे आहेत ना चारशे? पुढच्या तारखेला पन्नास घेऊन ये. लाल कव्हरवाल्या आण. सगळ्या भाडेकरणींना बसवू."

त्या दिवशी झालं काय, तर पुढची तारीख मिळाली. माझ्या वहीत तुझ्या दाव्याच्या एकतीस तारखा आहेत. प्रत्येकीपुढे काय झालं ते लिहिलंय. 'साहेब रजेवर.' 'समोरचे वकील आले नाहीत.' 'आपले वकील आले नाहीत.' 'वेळ संपली.' तुझी वाडीची हजेरी प्रत्येक वेळी बुडायची. वाडीवाल्याने एकदा विचारलं, "जसूबेन, काय कोर्टात नोकरी लागली का?" तू म्हणालीस, "हो, उभं राहायची."

न्यायाधीश बाई वाईट नव्हत्या, हेही लिहायला हवं. एकदा तुला घाम फुटलेला पाहून त्यांनी पाणी द्यायला सांगितलं. पण त्या बोलायच्या वकिलांशी. तुझ्याबद्दल बोलणं चालायचं आणि तू तिथे असायचीस. पण तुझ्याकडे कुणी बघायचं नाही. मला ते डॉक्टरकडे मुलीला नेल्यासारखं वाटायचं. "हिला कुठं दुखतंय?" असं आईला विचारतात तसं.

मग तो आधार कार्डाचा घोळ निघाला. वाडीत कामगारांसाठी आधारचा कॅम्प लावला होता, बायकांची रांग, आणि टेबलावरच्या मुलाने सगळ्यांचा पत्ता एकच टाकला, चिखल्याचा. कुणाला काय त्याचं? कार्ड मिळालं, काम झालं. तू ते घेऊन आलीस तेव्हा मी पत्ता वाचला होता. 'बदलून घ्यायचा' असं वहीत लिहिलंही होतं. पण तुला त्यासाठी एक हजेरी बुडवायची नव्हती आणि मला दर महिन्याला नव्या पानावर ते वाक्य उतरवून घेण्यापलीकडे काही जमलं नाही. बिलं शून्य, आधार चिखल्याचं, आणि दाराला लावलेल्या कुलपाचे अकरा फोटो. सगळे दिवसा काढलेले, उन्हावरून कळत होतं. दिवसा तू वाडीत नाही तर कुठे असणार?

आपलं खरं भांडण झालं ते लोकअदालतीच्या दिवशी. पारस रक्कम द्यायला तयार झाला होता. रक्कम वाईट नव्हती. मी आदल्या दिवशी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे घेतल्याचे फायदे लिहिले, उजवीकडे तोटे. डावी बाजू लांब झाली. तडजोडीचा कागद आपल्या वकिलांनी वाचला: 'प्रतिवादी सदर जागेचा दीर्घकाळ वापर करीत नसल्याचे मान्य करीत आहे.'

"परत वाचा," तू म्हणालीस.

त्यांनी परत वाचला.

"म्हणजे मी एवढी वर्षं कुठं होते? झाडावर?"

"मावशी, ती नुसती भाषा असते. असं लिहावं लागतं."

"मग त्याला सांगा ना, नुसत्या भाषेत लिही म्हणावं, की बाई इथं राहत होती. मी आत्ता अंगठा देते. सही पण येते, सही देते. पैसे त्याचे त्याला ठेवू दे."

पारस म्हणाला, "मावशी, तसं लिहिलं तर मी हरलो ना."

"आणि हे लिहिलं तर मी कोण झाले? चोर? दुसऱ्याच्या खोलीला चाळीस वर्षं कुलूप लावून बसलेली?"

बाहेर आल्यावर मी तुझ्यावर ओरडले. वय, गुडघे, बुडणाऱ्या हजेऱ्या, सगळं सांगितलं. वही उघडून दाखवली. तू चष्मा लावून दोन्ही बाजू शांतपणे वाचल्यास आणि म्हणालीस, "छान लिहिलंस. पण ह्यात माझी आई कुठं मेली ते नाही." तुझी आई पाच नंबरात गेली होती, खिडकीखाली. मला माहीत होतं. त्याचा रकान्याशी काय संबंध, असं मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले, मावशी. त्या वाक्याबद्दल मी तुझी माफी मागितली नाही.

तुझी साक्ष झाली तेव्हा मी बाहेर होते. साक्षीदाराला आत बसू देत नाहीत. पण तू आल्यावर सगळी सांगितलीस. समोरच्या वकिलांनी विचारलं, खोलीला कुलूप असायचं की नाही? तू सांगायला लागलीस: सकाळी पाचला उठते, पाणी भरते, चहा टाकते, खिडकी लावून घेते कारण खाऱ्या वाऱ्याने डब्यांना गंज लागतो, मग कुलूप लावते आणि एसटी पकडते. एवढं बोललीस आणि टाइप झालं ते असं: 'हे म्हणणे खरे आहे की, खोलीस कुलूप असते.'

"मी एवढं बोलले गो," तू म्हणालीस, "आणि त्यांनी चिकूचं बी तेवढं ठेवलं. गर गेला कुठं?"

मी तुला समजावलं की कोर्टात थोडक्यात बोलायचं असतं. विचारलं तेवढंच. वकिलांनी मलाही तेच सांगितलं होतं: हो किंवा नाही, जास्त पाल्हाळ नको. मी म्हटलं, बघ, मी कशी मुद्देसूद बोलते.

बोलले. माझी साक्ष वीस मिनिटांत संपली. तुला आत बसायला मिळालं होतं. तू शेवटच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. समोरच्या वकिलांनी विचारायला सुरुवात केली.

"प्रतिवादी संध्याकाळी तुमच्याकडे येत असत?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"जेवण?"

"आमच्याकडेच."

"दिवा, टीव्ही, पंखा?"

"आमचा."

"म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खोलीत स्वयंपाक होत नसे."

"सकाळचा चहा व्हायचा."

"स्वयंपाक विचारतोय, बाई."

"नाही."

"आधार कार्डावर पत्ता चिखल्याचा आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"झालं, मॅडम."

आपले वकील फाइल चाळत होते. त्यांना काही विचारायचं नव्हतं. टाइप केलेला कागद माझ्यासमोर आला. 'हे म्हणणे खरे आहे की, प्रतिवादी रोज माझ्या खोलीत जेवत व बसत असत. हे म्हणणे खरे आहे की, त्या माझ्या खोलीतील वीज वापरत. हे म्हणणे खरे आहे की, दाव्यातील खोलीत त्या स्वयंपाक करीत नसत.' सकाळचा चहा त्यात नव्हता. मी तीनदा वाचलं. प्रत्येक ओळ खरी होती. तुला मी घरातलं माणूस मानलं, त्याचाच तो हिशेब होता आणि तो तुझ्या विरुद्ध जात होता. मी सही केली. खाली तारीखही टाकली, कुणी सांगितलं नसताना.

रिक्षात तू म्हणालीस, "चांगलं बोललीस. माझ्यासारखी अडखळली नाहीस." तू टोमणा मारला असतास तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी तू आली नाहीस. मी सात वाजता बघायला आले तर पाच नंबरात दिवा होता. इतक्या वर्षांत मी त्या खोलीच्या भिंती विजेच्या उजेडात पाहिल्याच नव्हत्या. खिडकीच्या बाजूची भिंत पिवळी आहे हे मला तेव्हा कळलं.

"मावशी, चल, भाकऱ्या झाल्या."

"मी खिचडी टाकलीये."

"का?"

"माझ्या घरात मी खिचडी करू नको?"

"हे बघ, मी वकिलांना विचारलंय. दाव्याच्या आधीचे सहा महिने बघतात. आत्ता दिवा लावून काही उपयोग नाही."

"नसू दे उपयोग. मीटर पळू दे."

तीन महिने तू तशी बसलीस. एका बल्बखाली, एकटी, खिचडी किंवा भात. मी चार दिवस बोलवायला आले, पाचव्या दिवशी मलाही राग आला. मग मी दिलीपच्या हाती वाटीत भाजी पाठवायचे. वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तू तिच्यात चिकू घालून पाठवायचीस, डाग पडलेले पण गोड. आपलं बोलणं तेवढंच होतं, भाजी आणि चिकू. दिलीप म्हणायचा, "तुम्ही दोघींनी मला कोर्टाचा बेलीफ करून टाकलंय."

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते.

मी गप्प बसले नव्हते. मी वकिलांकडे गेले आणि म्हटलं, माझी साक्ष अर्धी आहे, मला परत उभं करा. ते म्हणाले, असं सहसा देत नाहीत. मी म्हटलं, अर्ज तर द्या. त्यांनी दिला. समोरच्यांनी विरोध केला, एक तारीख गेली, दुसरी गेली. मग न्यायाधीश बाईंनी तो मंजूर केला, थोड्या वेळापुरता, ठरावीक प्रश्नांपुरता. मला ते गुरुवारी कळलं. त्याच दिवशी येऊन तुला सांगायला हवं होतं. पण तारीख अजून हातात आली नव्हती आणि पक्कं झाल्याशिवाय सांगायचं नाही, ही माझी पद्धत. सोमवारी तारीख मिळेल, मग सांगू, असं ठरवलं.

तू रविवारी गेलीस.

सोमवारी सकाळी साडेसहाची एसटी गेल्याचा आवाज आला आणि तुझ्या दाराला कुलूप दिसलं नाही. दार आतून लावलेलं. दिलीपने कडी उचकटली. तू भिंतीला टेकून बसली होतीस, ताटलीत भात अर्धा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, संध्याकाळीच, त्रास झाला नसेल. चांगलं उजाडलं होतं आणि बल्ब जळत होता. दिलीपने तो बंद केला नाही, मीही नाही. डॉक्टरांनी जाताना सवयीने बटण दाबलं.

त्या दिवशीच दुपारी तारीख मिळाली. मी ती वहीत लिहून घेतली.

पारस तिसऱ्या दिवशी आला. दारात चपला काढल्या, हात जोडले, म्हणाला, "मावशी चांगल्या होत्या. मी लहान असताना चिकू द्यायच्या." खोटं नव्हतं त्यात काही. मग म्हणाला, "चावी कुणाकडे आहे?"

"कमलकडे," मी म्हटलं. चावी माझ्या कमरेला होती. संध्याकाळी कमल आल्यावर तिच्या हातात दिली, म्हणजे माझं खोटं फक्त तीन तास टिकलं.

कमल उधव्याहून आली ती रडून मोकळी झाल्यावर मी तिला सगळं समजावलं. वकिलांनी सांगितलं होतं की तुझ्या भावाची मुलगी म्हणून तीच आता तुझ्या जागी उभी राहू शकते. राहिली नाही तर पारसला कुणी अडवणार नाही. उभी राहिली तरी खोली तिला मिळेलच असं नाही, हेही सांगितलं.

"मला खोली काय करायचीये, ताई? माझं घर आहे."

"मग चावी देऊन टाकू या पारसला?"

"अशी कशी?" ती एकदम ताठ झाली. तेव्हा ती हुबेहूब तू दिसलीस. "आत्या इथं राहत नव्हती म्हणतो ना तो? मग कुठं राहत होती? आमच्याकडं? आमच्याकडं भाताच्या आवणीला यायची, दोन-तीन दिवस. चौथ्या दिवशी 'माझी खिडकी उघडी राहिली असेल' म्हणून पळायची. बाबा म्हणायचे, हिची खिडकी हिला खाणार." मग म्हणाली, "कुठं सही करायची?"

तिने वकीलपत्रावर सही केली. तुझ्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मीच गेले होते. खिडकीवरच्या मुलाने विचारलं, मृत्यू कुठे झाला? मी म्हटलं, घरी. घर कुठलं? मी चाळीचं नाव सांगितलं, खोली नंबर पाच. त्याने टाइप केलं. पुरावा मागितला नाही, बिल मागितलं नाही, डॉक्टरांचा कागद बघितला आणि पुढचं विचारलं. दाखला घेऊन मी वकिलांकडे जवळजवळ धावत गेले. ते म्हणाले, "ताई, ह्याचा उपयोग नाही. दावा आधीच्या काळाचा आहे." बरोबर आहे त्यांचं. तू तिथे मेलीस, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

म्हणजे आता उरले मी. सोमवारी आधी तुझ्या मृत्यूची माहिती कोर्टाला द्यायची, कमलचं नाव लावायचा अर्ज करायचा. माझी पाळी त्या दिवशी येईल किंवा पुढच्या तारखेला, किंवा त्याच्या पुढच्या. वकील म्हणाले, काय सांगायचं ते दोन ओळींत लिहून आणा. मी लिहायला बसले ते दीड पान झालं. मी, मावशी, दीड पान. त्यांनी अर्धं खोडलं. मी घरी येऊन परत घातलं.

त्यात असं लिहिलंय. होय, ती रोज आमच्याकडे जेवायची. टीव्हीवरच्या बातम्या बघायची, बातम्या सांगणाऱ्या बाईच्या साडीला नावं ठेवायची. साडेआठच्या सुमारास उठायची, स्वतःची ताटली स्वतः घासायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "चल गो, घरी जाते." रोज तेच तीन-चार शब्द, पाऊस असो, ताप असो, आमच्या मुलीच्या लग्नाच्या रात्री घरात वीस पाहुणे असोत. मी म्हणायचे, "आज इथंच पड की." ती म्हणायची, "नाही गो, माझं घर वाट बघतंय." बारा पावलं आहेत, मी मोजली आहेत. कडी उघडल्याचा आवाज आमच्याकडे ऐकू यायचा, मग खिडकी उघडल्याचा. त्यानंतरच मी आमचं दार लावायचे. जेवल्यावर ती कुठे जायची, हे मला कोर्टात कुणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

या वेळी मी सांगणार आहे, त्यांनी विचारो न विचारो. मॅडम म्हणतील, थोडक्यात सांगा. मी म्हणेन, थोडक्यात मागच्या वेळी सांगून झालं. कागद समोर आला की मी तो पूर्ण वाचेन, आणि 'घरी जाते' हे त्यात लिहिलेलं नसेल तर सही करणार नाही.